कारखाना तुमचा, करिअर तिचं

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. मुलीला बारावी सायन्सला ७४ टक्के मिळाले. तिला बी.एस्सी. केमिस्ट्री करायचंय, पण त्यात भविष्य नाही. मी दोन एकर गहाण ठेवून पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळक्या झाडांपासून) पांढरा कोळसा, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, बनवायचा कारखाना टाकतोय. कच्चा माल फुकटच आहे, तयार माल मशीनवाला घेतो म्हणतो. तिने कृषी अभियांत्रिकी करून कारखाना सांभाळावा. प्रवेश कुठे घ्यावा?

उत्तर : भाऊ, लेकीची इच्छा तुम्ही अर्ध्या ओळीत उरकली आणि लगेच 'पण' लावला. मला टक्क्यांची नाही, त्या 'पण'ची काळजी वाटते. डिग्रीला चार वर्षं लागतात, बँकेचे हप्ते तेवढे थांबत नाहीत. धंदा बसला तर खापर तिच्या माथी फुटेल.

आता फुकटच्या मालाचं बघू. पऱ्हाटी उपटायची, कुट्टी करायची, वाळवायची, ट्रॉलीत भरायची. प्रत्येक ठिकाणी मजुरी नाहीतर डिझेल. ट्रॉली शिगोशीग भरली तरी काट्यावर वजन भरत नाही, म्हणून लांबून आणलं की नफा भाड्यातच जातो. ओल दहा-बारा टक्क्यांच्या वर गेली तर ब्रिकेट, म्हणजे पांढऱ्या कोळशाची कांडी, धड बांधली जात नाही, भुगा होतो. माल येतो वेचणी संपल्यावरचे दोन-तीन महिने, मशीन मात्र वर्षभर चालायला हवं. म्हणजे मोठी शेड आली, आगीची धास्ती आली. शिवाय गावातल्या कितीतरी चुली याच पऱ्हाटीवर पेटतात. तुम्ही गोळा करायला लागलात की तिला भाव येणारच. साखर कारखान्यांचं जमतं, कारण बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, गाळपातून निघतो तो बॉयलरच्या शेजारीच.

मागणी खोटी नाही. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात बायोमास (शेतातल्या काडीकचऱ्यासारखं जळण) मिसळावा, असं केंद्राचं धोरण आहे. पण मशीनवाल्याचा शब्द लेखी घ्या आणि सही करण्याआधी चालू कारखान्याची वीजबिलं बघून या.

राहिली केमिस्ट्री. काडीकचऱ्यात पोटॅश असतं, त्यामुळे त्याची राख कमी तापमानाला वितळते आणि बॉयलरच्या नळ्यांवर थर धरते. ही डोकेदुखी सोडवायला केमिस्ट्रीवालाच लागतो. भविष्य नाही म्हणालात ते या विषयाला!

कृषी अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कॉलेज आहे. तिला हवं असेल तरच.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी वाचायला मागू नका.