वाचक विचारतात : रबर महागलं ते डॉलरमुळेच का?

प्रश्न : मुलगा टीटी, म्हणजे टेबल टेनिस खेळतो. इथल्या पेडे स्टेडियमवर डब्ल्यूटीटीची (वर्ल्ड टेबल टेनिसची) स्पर्धा बघून आला नि तेव्हापासून त्याला बॅटला लावायला जपानी रबरच पाहिजे. दुकानदार दर वेळी भाव वाढवतो, वर म्हणतो डॉलर वाढला, मी काय करू. पण पेपरात तर येन पडला म्हणून वाचलं, मग जपानचा माल स्वस्त व्हायला नको का? माझा भाऊ बोटीवर असतो, त्याला दुबईहून आणायला सांगू का?
– एक पालक, म्हापसा

उत्तर : शंका बरोबर आहे तुमची. २०२० साली १०० येन म्हणजे साधारण ७० रुपये होते, जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० येन मोजायची वेळ आली तेव्हा तेच १०० येन बावन्न-त्रेपन्न रुपयांना मिळत होते, आणि याच काळात डॉलर मात्र ७५ वरून ८३ च्या पुढे गेला. म्हणजे रुपया डॉलरपुढे पडला पण येनपुढे चढला! आता रबर जपानी असलं तरी इंपोर्टरचं बिल डॉलरमध्ये होत असेल तर येन पडल्याचा फायदा तुमच्यापर्यंत येईलच असं नाही. त्यात येन पडला की जपानी कंपनीलाच बाहेरून येणारा कच्चा माल महाग पडतो, मग ती आपली प्राइस लिस्ट वाढवते. आणि खरं सांगायचं तर, स्वस्तात आलेला माल स्वस्तात विकायची घाई कुणालाच नसते.

आता डॉलरचं गणित बघा. समजा ४० डॉलरचं सामान आहे. ७५ च्या रेटने ३००० रुपये, ८५ ने ३४००. यावर २० टक्के कस्टम ड्युटी, त्या ड्युटीवर आणखी १० टक्के सरचार्ज, मग ५ टक्के जीएसटी, की झाले ३८४३ आणि ४३५५. फरक चारशेचा होता तो पाचशेच्या वर गेला. कस्टमवाले त्या दिवसाचा बाजारातला रेट धरत नाहीत बरं का, त्यांचा स्वतःचा रेट महिन्यातून दोनदा जाहीर होतो, त्यामुळे आज टीव्हीवर रुपया घसरला म्हणून आज संध्याकाळी दुकानात भाव वाढायचं कारण नाही. शेल्फवरचा माल आधीच्या रेटने आलेला असतो.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न खरा इथे आहे. डॉलर १० टक्के वाढला तर एमआरपी पण १० टक्के का वाढावी? न्हावा शेवा बंदरातून येणारा ट्रक, दुकानाचं भाडं, पोराचा पगार, हे सगळं रुपयात आहे ना. वाढ दहापेक्षा कमीच बसायला हवी, त्याच्या वर गेली तर एकतर कंपनीने भाव वाढवलाय नाहीतर मधल्या कुणीतरी मार्जिन. शिवाय २०२५ च्या चवथीनंतर, २२ सप्टेंबरपासून, या सामानावरचा जीएसटी १२ चा ५ झाला, म्हणजे बाकी काही बदललं नाही तर भाव सहा टक्क्यांनी उतरायला हवा होता. तुमचा उतरला का? पाकिटावर इंपोर्टरचा स्टिकर असतो, त्यावर महिना-साल आणि एमआरपी छापलेली असते, ती बघा आणि मगच घासाघीस करा.

दुबईचं म्हणाल तर दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम, म्हणजे डॉलर चढला की दिरहमही तेवढाच चढतो, सुटका नाही. भाऊ सामान घेऊन आला तर वाचेल ती कस्टम ड्युटी, तीही बॅगेजच्या (प्रवाशाने सोबत आणायच्या सामानाच्या) ड्युटी-फ्री मर्यादेत, आणि कॉन्ट्रॅक्ट संपवून साइन-ऑफ करून येत असेल तर. बोट जपानला लागत असेल तर मात्र जरूर सांगा त्याला, येनमध्ये घेतलेलं खरंच परवडेल.

प्रश्न : बॅडमिंटनच्या शटलचा डबा केवढा महाग झालाय! हाही डॉलरच?
– एक खेळाडू, मडगाव

उत्तर : थोडाफार. जास्त दोष पिसांचा. एका शटलला १६ पिसं लागतात, बदकाची नाहीतर हंसाची, आणि ती मुख्यतः चीनमधून येतात. तिथे बदक-हंस पाळणं कमी झालं, पिसांचा तुटवडा पडला आणि २०२५ मध्ये जगभर शटल महागली, खुद्द चीनमध्येसुद्धा. त्यामुळे उद्या डॉलर खाली आला तरी डबा लगेच स्वस्त होईल अशी आशा धरू नका. रोजच्या प्रॅक्टिसला नायलॉन वापरा, हात बिघडतो म्हणून कोच ओरडेल, पण निदान वॉर्मअपला तरी चालतं.