क्रॉसिंग बंद, पण पाटी कुठे?

रस्त्याच्या कामासाठी झेब्रा क्रॉसिंग बंद ठेवताना लावायच्या फलकांबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

केबलसाठी चर खणलाय, म्हणून क्रॉसिंगच्या तोंडाशीच ‘क्रॉसिंग बंद’ असा ठळक बोर्ड लावला. तरी लोक बाजूने जातातच. काय करावं?

बोर्ड वाचेपर्यंत माणूस कुठे पोचलेला असतो ते आधी बघा. मागच्या चौकापासून दोनशे पावलं चालून तो आला आणि तिथे तुम्ही त्याला ‘बंद’ म्हणताय. परत फिरायचं म्हणजे पुन्हा तेवढीच पावलं, पलीकडे जाऊन आणखी तेवढीच. तो गाड्यांचा अंदाज घेतो आणि घुसतो. त्याच्या जागी मीही घुसलो असतो.

म्हणून पहिला फलक मागच्या चौकात हवा, जिथे बाजू बदलायला त्याला काही जड जात नाही. त्यावर ‘पुढचं क्रॉसिंग बंद, इथून ओलांडा’ आणि बाण. फलक लावल्यावर स्वतः समोर उभं राहून बाण बघा. एका कामावर मी थेट खड्ड्याकडे बोट दाखवणारा बाण पाहिलाय. पाटी पलीकडच्या बाजूची होती, मुकादमाने उरलेली इकडे ठोकली होती.

दुसरा फलक क्रॉसिंगच्या तोंडाशी, कठड्यासकट. आणि तो दोन्ही बाजूंना! चर अलीकडे म्हणून फलकही अलीकडेच, ही चूक सर्रास होते. पलीकडून निघालेला माणूस मग रस्ता ओलांडून कठड्याशी येतो आणि गाड्यांच्या लोंढ्यात उभा राहतो.

काम बरेच दिवस चालणार असेल तर पांढरे पट्टेही काढा किंवा झाका, नाहीतर बोर्ड एक सांगतो आणि रस्ता दुसरंच. फक्त काळा रंग फासू नका. ओल्या रस्त्यावर रात्री तो चकाकतो, झिजला की खालचा पांढरा डोकावतो. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या २००९ च्या नियमपुस्तिकेत तर स्पष्टच आहे की काळा रंग फासणं म्हणजे पट्टे पुसणं नव्हे.

माझ्या वडिलांना दिसत नाही. पांढरी काठी घेऊन चालताना ते लाल-पांढऱ्या फितीखालून थेट खोदकामापर्यंत गेले. कंत्राटदार म्हणतो, फीत लावली होती.

फीत डोळसांसाठी असते. काठी जमिनीलगत फिरते आणि फीत असते कमरेच्या उंचीला, मग दोघांची गाठ पडणार कशी? वर उल्लेखलेल्या पुस्तिकेत फीत, दोरी, प्लॅस्टिकची साखळी काठीला कळत नाही असंच धरलंय. कठडा सलग हवा, खालची पट्टी जमिनीपासून ५ सेंटीमीटरच्या आत आणि वरची कड निदान ८० सेंटीमीटरवर. म्हणजे काठी खालच्या पट्टीला अडते आणि हात वरच्या कडेवर टेकतो. कंत्राटदाराला हे मोजून दाखवा. कठड्याचे पाय चालायच्या वाटेत आलेले नाहीत ना, तेही बघा; त्यांना अडखळून डोळसही पडतात. लेखी पाटी वडिलांच्या उपयोगाची नाही, तेव्हा पर्यायी वाट बोलून सांगणारं यंत्र किंवा तिथे एक माणूस हवा.

सिग्नलवरचा हिरवा माणूस चालू राहिला तर चालेल?

नाही. दिवा बंद करा, बटण झाका आणि टिकटिक आवाज असेल तर तोही थांबवा. न दिसणाऱ्याला तो आवाज म्हणजे ‘या’ असाच ऐकू येतो.

नुसतं चित्र पुरे, की शब्दही हवेत?

१९६८ च्या व्हिएन्ना करारात पादचाऱ्यांना मनाईचं चिन्ह आहे: लाल वर्तुळात चालणारा माणूस. गंमत अशी की त्यावर तिरकी रेघ नसेल तर कित्येकांना ते ‘इथून चाला’ असंच वाटतं. शिवाय नाही म्हणून झालं तरी जायचं कुठून, ते चित्र सांगत नाही. म्हणून सोबत बाण आणि तीनचार शब्द. ज्याच्या खालून लोक जाणार त्या फलकाची खालची कड २.१ मीटरच्या वर.

क्रॉसिंगची नेहमीची पाटीही झाका. पातळ गोणपाट नको, हेडलाइटच्या उजेडात पाटी त्यातून चमकते आणि चालक क्रॉसिंग चालू समजून ब्रेक दाबतो.

सुटीच्या दिवशी काम नसतं. फलक राहू द्यावेत का?

चर उघडा असेल तर राहू द्या, आणि रात्री दिवा लावा. बुजवून रस्ता पूर्ववत झाला असेल तर त्याच संध्याकाळी सगळं उचला, पट्टे आणि सिग्नल आधी चालू करून मगच. दोन दिवस रिकामा ‘बंद’ बोर्ड बघितलेला माणूस तिसऱ्या दिवशी खरा बोर्डही वाचत नाही.