कोरियात सापडलं म्हणून कोरियन? आधी तळ बघा

शिनानचं जुनं, बुडालेलं व्यापारी जहाज कोरियाच्या समुद्रात मिळालं, माल जपानला चालला होता, मग जहाज कोणाचं? आणि चीन, कोरिया, जपान या तिन्ही देशांची जुनी जहाजं म्हणजे एकच 'जंक', म्हणजे पूर्व आशियाई शिडाचं जहाज, ना? असं तुम्ही विचारलंय. जहाज चिनी. आणि एकच तर मुळीच नाहीत.

जहाज कुठे बुडालं यावरून फार तर त्याची वाट कळते. बांधणारा ओळखायचा तर माल बाजूला सारून लाकूड बघावं लागतं. शिनानला नेमका मालच डोळे दिपवतो: २०,००० हून जास्त चिनी भांडी, २८ टन नाणी, १३२३ साल लिहिलेल्या लाकडी चिठ्ठ्या. पण सांगाड्यात खाली पठाण, म्हणजे कणा. आत आडव्या भिंतींचे कप्पे आणि लोखंडी खिळे. १९७४ मध्ये चीनच्या छ्वानचौ इथे खणून काढलेल्या सोंग राजवटीतल्या जहाजाचीही घडण हीच. बारा भिंती, तेरा कप्पे, फळ्यांचे दोन-तीन थर, फटींत वाख, चुना आणि तुंग झाडाच्या बियांचं तेल. पठाणाच्या सांध्यात तर सुतारांनी शकुनाची नाणी आणि काशाचा आरसा दडवला होता!

आता कोरियाचं वांदो जहाज घ्या (उत्खनन १९८३-८४). पठाण नाही, भिंती नाहीत, लोखंडी खिळेही नाहीत. पाच जाड फळ्या शेजारी-शेजारी ठेवून आरपार लांब लाकडी खुंट्या ठोकल्या की सपाट तळ तयार. याला मागासलेपण समजू नका. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर इंचॉनला भरती-ओहोटीत सुमारे ९ मीटरचा फरक पडतो. पाणी ओसरलं की पठाणवालं जहाज चिखलात कलतं, सपाट तळाचं तिथेच ताठ बसतं. कोकणातल्या खाडीत कलंडलेली होडी पाहिली असेल तर वेगळं सांगायला नको.

जपानचं कोडं अवघड. तिथल्या ताकाशिमा बेटाजवळ, १२८१ मध्ये जपानवर चालून आलेल्या मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या आरमाराचे अवशेष मिळतात. २०११ मध्ये पठाणासह एक सांगाडाही सापडला. म्हणजे जपानच्या पाण्यात, पण जपानी नव्हे. जपानी पद्धत मला तरी बुडालेल्या जहाजांपेक्षा जुन्या चित्रांतून आणि सुतारांच्या हातांतून जास्त कळली. दोन फळ्या जोडताना ते मधल्या फटीतून करवत फिरवतात, कडा एकमेकींना चपखल बसेपर्यंत.

कधी कोरियातल्या मोक्पोच्या सागरी संग्रहालयात गेलात तर शिनान आणि वांदो दोन्ही तिथेच आहेत. भांड्यांच्या कपाटांकडे नंतर वळा, आधी खाली वाकून तळ बघा.