जुनी शिडाची नाव विकत घेऊन, दुरुस्त करून नाथसागरात चालवणे कितपत परवडेल?

आपण विचारले आहे की, अलिबागजवळ एका गृहस्थांकडे सुमारे १८ फूट लांबीची जुनी सागवानी शिडाची नाव ९०,००० रुपयांना मिळते आहे, “वर पन्नासेक हजार घातले की नवी होईल” असे ते म्हणतात, आणि ती पैठणला आणून नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, चालवायचा आपला विचार आहे. तर हा हिशेब बरोबर आहे का? मी वाळूजला फायबरग्लासच्या कामाचा छोटा कारखाना चालवतो. टाक्या आणि छपराचे पत्रे हे आमचे रोजचे काम असले तरी मासेमारांच्या आणि हौशी मंडळींच्या नावाही दुरुस्तीला येतात, शिवाय शिडाचा नाद मला स्वतःलाही आहे. माझ्या मते हा हिशेब बरोबर नाही. नाव जुनी आहे ही त्यातली अडचण नव्हे. ती इथे वर्षातला बराच काळ कोरड्यावर उभी राहणार आहे, ही खरी अडचण आहे.

फळ्या जोडून बांधलेली नाव पाण्यात असते तेव्हा तिच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींना घट्ट दाबून धरतात. सांध्यांत ठोकून भरलेले सूत आणि त्यावरची राळ या दाबाच्या भरवशावरच पाणी अडवतात. तीच नाव आपल्याकडच्या ४२ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात उभी राहिली की, बैलगाडीच्या चाकाची धाव जशी उन्हाळ्यात सैल होते, तसे तिचे सांधे उघडतात. पुढच्या हंगामात ती पाण्यात लोटली तर फळ्या पुन्हा फुगेपर्यंत आत पाणी येत राहते, आणि दरवर्षी आवळणे-फुगणे चालू राहिल्यामुळे सूत सुटते, खिळे ढिले होतात. खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा गोड्या पाण्यात नसतो, हा आपला एक फायदा खरा. पण खारे पाणी लाकूड कुजण्याला काही प्रमाणात आळा घालते, आणि पावसाचे गोडे पाणी तळात साचून राहिले की तीच जागा आधी कुजते. म्हणून नाव पाहायला जाल तेव्हा वरच्या ताज्या रंगाकडे पाहू नका. तळातल्या फळ्या उचलायला सांगा आणि पठाण, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, आणि त्याला जोडलेल्या बरगड्या जिथे मिळतात तिथे चाकूचे टोक दाबा. निरोगी सागवानात टोक जेमतेम शिरते. कुजलेल्या लाकडात ते अर्धा इंच सहज जाते आणि बाहेर काढताना तंतू तुटत नाहीत, भुगा पडतो. खिळ्यांच्या भोवती काळे वर्तुळ दिसले तर लोखंड गंजून आजूबाजूचे लाकूडही मेलेले आहे असे समजावे. अशा ठिकाणी नवा खिळा धरत नाही, फळीच बदलावी लागते. मालकांचे पन्नास हजार या तपासणीच्या आधीचे आहेत.

कुणीतरी आपल्याला “वरून फायबर मारून घ्या, कायमची कटकट मिटेल” असे सुचवल्याचे आपण लिहिले आहे. हा माझाच धंदा असूनही मी हे काम घेणार नाही. फळ्या हलणाऱ्या असतात आणि फायबरचे कवच ताठ असते. काही महिन्यांत ते सांध्यांवर तडकते, फटीतून पाणी आत जाऊन लाकूड आणि कवच यांच्यामध्ये अडकते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी नाव आतून कुजत राहते. खर्चाचा अंदाज हवा असेल तर साधे गणित आहे: १८ फुटी नावेचे बाहेरचे अंग ढोबळमानाने १३ चौरस मीटर भरते, ४५० ग्रॅमच्या मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) एक थर बसवायला दर चौरस मीटरला साधारण एक किलो रेझिन (ती चिकटवून घट्ट होणारा द्रव) लागते, म्हणजे दोन थरांना २६ किलो रेझिन आणि १२ किलोच्या आसपास मॅट. हा माल फार महाग नाही. मजुरी जाते ती जुना रंग खरवडून लाकूड पूर्ण कोरडे करण्यात, आणि कोरडे केलेले लाकूड पुन्हा ओले झाले की सगळे मुसळ केरात.

आता पाण्याचे पाहू. नाथसागर समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांच्या पातळीपर्यंत भरला की त्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास जातो आणि काठावरून पाहणाऱ्याला तो समुद्रच वाटतो. परंतु जलाशय उथळ आहे आणि काठ सपाट आहेत. पातळी थोडीफार उतरली तरी पाण्याची कड दूर सरकते, उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेरा करतात, आणि दिवाळीला जिथे नाव बांधली तिथे पुढे हरभरा उभा असतो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत तर उपयुक्त साठाच शून्यावर आला होता. काळ्या मातीच्या ओल्या गाळातून पाऊण टनाची लाकडी नाव पाण्यापर्यंत नेणे हे ट्रॅक्टरवाल्यालाही नकोसे काम आहे; चाके रुततात आणि ओढताना ताण नेमका पठाणावर येतो.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, इथे वारा आणि पाणी यांची गाठ नीट पडत नाही. पश्चिमेचा चांगला, सलग वारा जून-जुलैत असतो, तेव्हा बहुतेक वर्षी धरण तळाला असते. जायकवाडी भरते ती वरच्या नाशिक-नगरकडच्या पावसावर, आणि तेही साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. (त्या पाण्यावरून दरवर्षी होणारी भांडणे आपण वर्तमानपत्रात वाचतोच, शिडाच्या हौसेपायी ती वाचणारा मीच एक असेन.) नोव्हेंबर ते जानेवारी पाणी भरपूर असते, पण वारा मंद. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो आणि त्याबरोबर विजा येतात. उघड्या पाण्यावर उंच डोलकाठी घेऊन तेव्हा असू नये. मंद वाऱ्यात जड लाकडी नाव जागची हलत नाही, हलकी फायबरची नाव मात्र सरकत राहते.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात सांगतो, पण तो पहिला समजावा. जायकवाडी जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात जाण्यावरच निर्बंध आहेत. त्यामुळे वन विभागाच्या वन्यजीव शाखेला आणि धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्या पाटबंधारे विकास महामंडळाला लेखी विचारल्याशिवाय बयाणाही देऊ नये. हिवाळ्यात, म्हणजे पाणी असते नेमके तेव्हा, रोहित आणि इतर पाहुणे पक्षी उतरलेले असतात, हेही लक्षात घ्यावे. नावेला इंजिन लावायचे ठरवले तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्याखाली नोंदणी आणि तपासणी आली. निव्वळ शिडावर चालणाऱ्या छोट्या नावेचे काम त्या मानाने हलके आहे.

आपल्या नावेचा माझा अंदाज असा. अलिबागहून पैठण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे; दोन्हीकडे क्रेन, तळाला बसेल असा लाकडी पाळणा आणि ट्रक मिळून ३० ते ४० हजार. मराठवाड्यात दारे-खिडक्या करणारे सुतार उत्तम आहेत, पण नावेची वाकलेली फळी बसवणारा मिळणार नाही; कोकणातून कारागीर आणून त्याची मजुरी, राहणे-जेवणे आणि लाकूड धरून ८० हजार ते एक लाख. शीड जुने असेल तर ते हातात घेऊन नखाने ओढून पाहा: उन्हाने मेलेले पॉलिएस्टरचे कापड कागदासारखे फाटते. असे शीड आणि त्याबरोबरचे दोर नवे करायला ३० ते ४० हजार. नाव वाहून नेण्याचा ट्रेलर स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेतला तरी ६० हजारांच्या खाली होणार नाही, आणि रस्त्यावर आणायचा तर त्याची आरटीओ नोंदणी वेगळी. मूळ किमतीसह पहिल्यांदा पाण्यात उतरेपर्यंत आपण तीन लाखांच्या घरात जाल, आणि त्यानंतर दरवर्षी सांधे भरणे, तेल-रंग आणि ओढाताण यांचे २५-३० हजार चालूच राहतील.

हौस नाथसागरावरच फेडायची असेल तर मी जुनी, पण फायबरची, छोटी नाव घ्यावी असे सुचवीन. लेझर नावाची एकट्याने चालवायची नाव ४.२३ मीटर लांब आणि अवघी ५९ किलो वजनाची असते, दोन माणसे ती उचलून पाण्यापर्यंत नेतात आणि पिकअपवर चौकट करून ती घरी आणता येते. दोघांना बसायचे असेल तर एंटरप्राइझ आहे. दोन्ही आपल्या देशात बरीच वर्षे वापरात आहेत, आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर किंवा मुंबईत चौकशी केली तर जुन्या निघतात. किंमत कदाचित आपल्या लाकडी नावेपेक्षा जास्त सांगितली जाईल, तरी नवीपेक्षा ती खूपच स्वस्त पडते, कारण सप्टेंबर २०२५ पासून अशा नव्या हौशी नावांवर जीएसटीच ४० टक्के झाला आहे.

लेझर तपासताना कापूस तोलतात तो टांगता काटा बरोबर न्या. वजन ५९ ऐवजी ६८-७० किलो भरले तर आतल्या पोकळीत पाणी शिरलेले आहे. डोलकाठी बसवायच्या भोकात काठोकाठ पाणी भरा आणि थोडा वेळ थांबा. पातळी उतरू लागली तर भोकाचा तळ फाटला आहे, आणि वाऱ्याचा सगळा जोर तिथेच येत असल्यामुळे ही दुरुस्ती टाळता येत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे हलके ठोकत जा: टणक आवाज बदलून भद आवाज आला तिथे थर सुटले आहेत. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, उन्हाने पांढरा पडून हाताला खडूसारखा लागत असेल तर घाबरू नका, तो घासून पॉलिश करता येतो.

फायबरच्या दुरुस्तीचे काम स्वतः करणार असाल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर करा. दुपारी रेझिन डब्यातच घट्ट होते, म्हणून कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझिन घट्ट करणारे रसायन, एक टक्क्याच्या आसपासच ठेवावे. कोबाल्ट (ही क्रिया जलद करणारे रसायन) आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकत्र ओतू नयेत, ते मिश्रण भडकते. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे घालावे. तरंगण्यासाठी आत थर्माकोल भरून त्यावर मॅट मारण्याचा मोह आपल्याकडे बऱ्याच जणांना होतो, पण पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवून टाकते आणि आत नुसती पोकळी उरते. पॉलियुरेथेनचा फोम वापरावा.

आणि जीव त्या सागवानी नावेवरच जडला असेल तर ती इकडे आणू नका, अलिबागलाच ठेवा. तिथे तिला फुगलेले ठेवणारे पाणी आहे, सांधे भरणारे हात आहेत, आणि पावसाळ्यात ती वर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवायची रीत तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ट्रक, क्रेन आणि ट्रेलर यांचे लाखभर रुपये वाचतील. त्यांत आपले कितीतरी हिवाळ्यांचे जाणे-येणे होईल, आणि राखणीला तिथलाच एखादा कोळी ठरवला तर त्याचेही पैसे त्यातूनच निघतील.