मुलीला ब्रेसेस लावून दोन महिने झाले. गालाला आतून जखमा होतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. ब्रेसेस काढून टाकावेत का?

एवढ्यावरून काढू नका. मी डॉक्टर नाही, पण एकतिसाव्या वर्षी हौसेने तारा लावून घेतल्या आणि पावणेदोन वर्षं तोंडात बाळगल्या. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी माझ्या झाल्या आहेत. फक्त त्या दोन वेगळ्या आहेत. गाल बराचसा सरावतो, हिरडी सरावत नाही.

आधी गाल. पहिल्याच आठवड्यात माझ्या खालच्या ओठाला आतून ब्रॅकेटचा, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवतात त्या छोट्या तुकड्याचा, चौकोनी ठसा उठला होता. मिसळ सोडाच, साधी आमटीही झोंबायची. चार दिवस दहीभातावर काढले. पुढे तीच जागा थोडी निबर झाली आणि ब्रॅकेट आहे हे विसरायला झालं. दोन महिन्यांनंतरही एकाच जागी पुन्हा पुन्हा जखम होत असेल, तर तिच्या शेवटच्या दाढेमागे बोट फिरवून बघा. फटी मिटायला लागल्या की तारेचं टोक मागून बाहेर येतं. माझं आलं ते रविवारी रात्री. तिथे वॅक्स, म्हणजे ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण, लावायचं, पण जागा आधी कापसाने कोरडी करून. ओल्यावर ते टिकत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिली अर्धी डबी बहुतेक पोटातच गेली. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये दोन मिनिटांत टोक कापलं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, आठवडाभरात जखम भरली. तीन आठवडे झाले तरी न भरणारी जखम मात्र डॉक्टरांना दाखवाच.

आता हिरड्या. खरी काळजी यांचीच. मला वाटायचं तार ओढते म्हणून रक्त येतं. म्हणून मी त्या जागी ब्रश हळूच, जवळजवळ नुसता दाखवल्यासारखा फिरवायचो. सूज वाढत गेली, वरच्या सुळ्याजवळची हिरडी तर फुगून ब्रॅकेटला टेकली. मग डॉक्टरांनी दातांना एक रंग लावला आणि हातात आरसा दिला. ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली अरुंद पट्टी सगळी गडद गुलाबी. तो रंग साचलेल्या थराला चढतो. त्यातले जंतू हिरडीला सुजवतात, सुजलेली हिरडी अजून अन्न अडकवते. म्हणजे जिथे रक्त येतं तिथेच नीट ब्रश करायचा, मऊ ब्रशने, हिरडीकडे तिरका धरून. शिवाय तारेखालून घालायला इंटरडेंटल ब्रश मिळतो, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच. रोज रात्री दहा मिनिटं जायची, कंटाळा यायचा, पण पंधरा दिवसांत रक्त थांबलं.

मुलीला खोट्या कानातल्यांनी खाज सुटते का, तेही आठवून बघा. सुरुवातीला घालतात त्या लवचीक निकेल-टायटेनियम तारेत वजनाने निम्म्याहून जास्त निकेल असतं. बहुतेकांना काही होत नाही, पण निकेलची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी कळलेलं बरं. तार बदलता येते.

ब्रेसेस निघाल्यावर माझ्या हिरड्यांची उरलीसुरली सूज दीड-दोन महिन्यांत उतरली. एक गोष्ट मात्र राहिली. खालच्या पुढच्या एका दाताची हिरडी मिलिमीटरभर खाली सरकली आहे. तिथे माझी हिरडी मुळातच पातळ होती, त्यात दात पुढे ढकलला गेला. अशी उतरलेली हिरडी आपोआप वर चढत नाही. ती कधी उतरली हेही मला सांगता येत नाही, कारण आधीचा एकही जवळून काढलेला फोटो नाही. तुम्ही मुलीचा खालचा ओठ ओढून आजच एक काढून ठेवा, आणि पुढच्या वेळी तार घट्ट करायला जाल तेव्हा डॉक्टरांना तेवढी जागा मुद्दाम बघायला सांगा.