क्लोन आणि मूळ परफ्यूम: तुलना कशी करायची

पहिल्या फवाऱ्यावर निकाल देऊ नका. क्रीडचं मूळ अव्हेंटस (2010) आणि त्याचा क्लोन, म्हणजे त्याच्या वासाची स्वस्तातली नक्कल, अर्माफचं क्लब द नुई इंटेन्स मॅन घ्या. क्लोनची लिंबाळ सुरुवात नाकाला झोंबते, आणि नवखे तिथेच नाक मुरडतात. अर्धा तास थांबा. खरं साम्य त्यानंतर कळतं. एका मनगटावर मूळ, दुसऱ्यावर क्लोन, एकेकच फवारा, साधारण 15 सेंटीमीटरवरून. मनगटं एकमेकांवर घासलीत तर दोन्ही वास मिसळले, मग तुलना कसली! चार तासांनी पुन्हा हुंगा. वास उडाला असं वाटलं तर दुसऱ्या कुणाला विचारा, आपलं नाक सरावलेलं असतं. बाटलीवर ओ द तॉयलेत (सुगंधी अर्क कमी) आहे की ओ द पार्फम (अर्क जास्त), तेही बघा. टिकण्यात फरक तिथूनच पडू शकतो. मूळची अख्खी बाटली कशाला, 2 मिलीचं सॅम्पल पुरतं.