कुरिअर, एसएमएस, पेमेंट : सेवा निवडणारा सॉफ्टवेअर एजंट

या वेळी सोलापूरहून आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच आहे. कारखाना असो, लॅब असो की दुकान, रोजचं काम आता बाहेरून घेतलेल्या पाच-सहा ऑनलाइन सेवांवर चालतं आणि या सेवांचे दर, अटी, दर्जा सतत बदलत असतात. मग कोणती सेवा कधी वापरायची हे सॉफ्टवेअरनेच ठरवावं का? ठरवायचं तर कसं?

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी आणि टॉवेलचा कारखाना आहे. स्वतःच्या वेबसाइटवरून किरकोळ ऑर्डरी येतात. चार कुरिअर कंपन्यांशी करार आहे. कोणतं पार्सल कोणाकडे द्यायचं हे एक जण रेट कार्ड बघून एक्सेलमध्ये ठरवतो. दर बदलले की सगळं पुन्हा. हे काम सॉफ्टवेअर एजंटकडे सोपवता येईल का? सुरुवात कुठून करावी?
– एक उद्योजक, सोलापूर

सोपवता येईल, आणि हे काम एजंटला साजेसंच आहे. एजंट म्हणजे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम. तो सेवांवर लक्ष ठेवतो, आलेल्या आकड्यांचा अर्थ लावतो, काय करायचं ते ठरवतो आणि ते अमलात आणतो. आयबीएमच्या संशोधकांनी २००३ मध्ये या चार पायऱ्यांचं चक्र मांडलं. रचना आजही तीच वापरतात. पण एजंट लिहायला घेण्याआधी दोन कामं उरकावी लागतात, आणि बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो इथेच.

पहिलं काम कोडमधलं. कुरिअर कंपनीचं नाव तुमच्या मुख्य प्रोग्रॅममध्ये कुठेही दिसता कामा नये. प्रत्येक कंपनीसाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर (त्या कंपनीच्या पद्धतीशी जुळवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) लिहा आणि त्यात चारच क्रिया ठेवा: दर विचारणं, पिकअप बुक करणं, ट्रॅकिंग आणि रद्द करणं. कोणी वजन ग्रॅममध्ये मागतं, कोणी किलोमध्ये. ग्रॅमच्या जागी २.८ गेलं तर पार्सल तीन ग्रॅमचं होतं आणि दर चुकीचा येतो. ट्रॅकिंगच्या अवस्थांचंही तसंच. प्रत्येकाचे कोड निराळे असतात, ते सगळे तुमच्या स्वतःच्या सात-आठ अवस्थांमध्ये बसवा. हे भाषांतर अ‍ॅडॉप्टरच्या आतच राहिलं पाहिजे.

दुसरं काम नोंदींचं. प्रत्येक पार्सलमागे सांगितलेला दर, प्रत्यक्ष बिलात आलेला दर, पिकअपची वेळ, पोहोचल्याची वेळ, पिनकोड आणि पार्सल परत आलं का, एवढं साठवा. खोक्याची मापं आणि काट्यावरच्या वजनाचा फोटोही ठेवा, कारण कुरिअरच्या हबमध्ये फेरवजन होऊन बिल वाढतं तेव्हा दुसरा पुरावा नसतो. किमान दोन महिन्यांच्या अशा नोंदी हातात असल्याशिवाय एजंटला निर्णयाचे अधिकार देऊ नका. तोवर तो फक्त सुचवेल, माणूस ठरवेल, आणि दोघांचं कुठे जुळत नाही ते तुम्ही तपासाल.

आता हिशेब. रेट कार्डावरचा दर आणि खरा खर्च यांत किती अंतर पडतं ते बघा (दर उदाहरणासाठी घेतले आहेत). दोन चादरींचं पार्सल, वजन २.८ किलो, खोकं ४० × ३० × १५ सेंटीमीटर, म्हणजे १८,००० घन सेंटीमीटर. पहिली कंपनी व्हॉल्युमेट्रिक वजनासाठी, म्हणजे खोक्याच्या आकारावरून धरल्या जाणाऱ्या वजनासाठी, ५००० ने भागते: ३.६ किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्यामुळे ४ किलो. किलोला ४२ रुपये, भाडं १६८. दुसरी कंपनी किलोला ३९ रुपयेच घेते, पण भागते ४००० ने: ४.५ किलो, भाडं १७५ रुपये ५० पैसे. कार्डावर स्वस्त, बिलात महाग. आता कॅश ऑन डिलिव्हरीतलं परत येणारं पार्सल धरा. पहिलीकडे शंभरात ७ परत येतात, दुसरीकडे १२, आणि परतीचं भाडंही तेवढंच. मग पहिली पडते सुमारे १८० रुपयांना आणि दुसरी १९७ ला. एजंटने तुलना या शेवटच्या आकड्यांची करायची.

निवड दोन टप्प्यांत ठेवा. आधी कडक अटी: त्या पिनकोडला सेवा आहे का, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का, कबूल केलेल्या दिवसांत पोहोचतं का. यात जो बसत नाही तो कितीही स्वस्त असला तरी बाद. उरलेल्यांना गुण द्या: समजा खर्चाला ५० टक्के, वेळेला ३०, पार्सल सुखरूप पोहोचण्याला २० टक्के महत्त्व. सगळं एकाच बेरजेत टाकलं, तर फार स्वस्त पण तिथे न पोहोचणारी सेवाही वर येते. नव्याने लिहिलेल्या एजंटांमध्ये ही चूक सर्रास दिसते.

सारखं कुरिअर बदलणाऱ्या एजंटला आवर घाला. फरक ८ टक्क्यांहून जास्त आणि सलग तीन दिवस टिकला तरच बदल, असा नियम लावा. नाहीतर तो रोज इकडून तिकडे उड्या मारतो, पिकअपच्या गाड्या रोज वेगळ्या येतात आणि पॅकिंगवाले वैतागतात. दुसरीकडे, शंभरातली पाच पार्सलं मुद्दाम इतर कंपन्यांना द्या. ज्याला महिनाभर पार्सलच दिलं नाही त्याचा दर्जा सुधारला की बिघडला, हे एजंटला कळणार कुठून?

पिनकोडनिहाय सरासरी काढताना तीसपेक्षा कमी पार्सलं असतील तर त्या पिनकोडचा आकडा वापरू नका, जिल्ह्याचा वापरा. आणि पंढरपूरच्या ४१३३०४ साठी आषाढीचे दिवस वेगळे काढून ठेवा. वारीत रस्ते बंद असतात, डिलिव्हरी उशिरा होते. ते आकडे वर्षाच्या सरासरीत मिसळले तर चांगल्या कुरिअरला विनाकारण शिक्षा होते, आणि वारीच्या काळात एजंट सरासरीवर विसंबून ग्राहकाला चुकीची तारीख देतो.

प्रत्येक सेवा ९९.५ टक्के चालू राहण्याची हमी देते. तरी आमची ऑर्डर यंत्रणा महिन्यातून कित्येकदा अडते. असं का?
– एक वाचक, होटगी रोड

कारण टक्क्यांचा गुणाकार होतो. एका ऑर्डरला पाच सेवा एकापाठोपाठ लागत असतील तर ०.९९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ९७.५ टक्के. उरलेल्या अडीच टक्क्यांत यंत्रणा बंद, तीस दिवसांच्या महिन्यात हे जवळजवळ १८ तास होतात. एका सेवेला पर्याय जोडला तर त्या कडीपुरता आकडा कागदावर ९९.९९७५ टक्क्यांवर जातो. पण दोन्ही कंपन्या एकाच क्लाउडच्या एकाच केंद्रावर असतील तर दोन्ही एकदमच बंद पडतात. पर्याय निवडताना हे विचारून घ्या. आणि ज्या सेवा ऑर्डरच्या क्षणी लागतच नाहीत, जसं ट्रॅकिंग किंवा बिलाचा ईमेल, त्या रांगेत टाका. पाचांतल्या दोन कड्या तिथेच कमी होतात.

आमची सात रस्त्याजवळ पॅथॉलॉजी लॅब आहे. ‘रिपोर्ट तयार आहे’ असा एसएमएस जातो. एक पुरवठादार बंद पडला की सॉफ्टवेअर आपोआप दुसऱ्याकडे वळेल अशी सोय करून घेतली. वळलं, ‘यशस्वी’ असंही दाखवलं, पण पेशंटना मेसेज मिळाले नाहीत. चूक कुठे?
– एक लॅबचालक

चूक बहुधा सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे व्यावसायिक एसएमएससाठी तुमची संस्था, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा टेम्प्लेट, म्हणजे ठरलेला नमुना, डीएलटी पोर्टलवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदलेला असावा लागतो. त्यापुढची पायरी डिसेंबर २०२४ मध्ये सक्तीची झाली: मेसेज तुमच्याकडून कोणकोणत्या टेलिमार्केटरच्या हातून मोबाइल कंपनीपर्यंत जातो, ती साखळी आधी जाहीर करावी लागते. दुसरा पुरवठादार त्या साखळीत नसेल, तर त्याचा सर्व्हर मेसेज स्वीकारतो आणि मोबाइल कंपनी तो वाटेत अडवते.

तेव्हा आधी पोर्टलवर दोन्ही पुरवठादारांच्या साखळ्या मंजूर करून घ्या. मग टेम्प्लेट तपासा. मंजूर मजकूर आणि पाठवलेला मजकूर यांत एखादं जास्तीचं स्पेस किंवा पूर्णविराम आला तरी मेसेज अडकू शकतो. मजकुरात रिपोर्टची लिंक असेल तर तीही नोंदलेली हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेल्या लिंकचे मेसेज अडवले जातात.

सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती अशी: पुरवठादाराच्या सर्व्हरने ‘मिळालं’ म्हणणं हे यश धरू नका. डिलिव्हरी रिपोर्ट येईपर्यंत मेसेज ‘अनिश्चित’ ठेवा आणि एजंटने पुरवठादाराला गुण द्यायचे ते डिलिव्हरी रिपोर्टवरच. मेसेजला दहा मिनिटांत रिपोर्ट आला नाही तर दुसऱ्या मार्गाने एकदाच पाठवा, पुन्हा पुन्हा नाही. राखीव मार्गावरून रोज सकाळी लॅबमधल्याच चार-पाच मोबाइलवर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर, एकेक खरा टेम्प्लेट पाठवून बघा. राखीव मार्ग रोज वापरात नसेल तर गरजेच्या दिवशी तो चालेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि इथे तर पेशंट रिपोर्टची वाट बघत असतो.

दरांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांपर्यंत एक धरला जातो, मराठी ७० पर्यंतच. त्याहून लांब मराठी मजकुराचे ६७-६७ चे तुकडे पडतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा हलंत हे सगळं सुटं मोजलं जातं. ‘रिपोर्ट’ या एका शब्दाची सात अक्षरं होतात. असा १४० अक्षरांचा मराठी मेसेज तीन मेसेजच्या दराने पडतो. म्हणून मजकूर घट्ट करा, पण पेशंटना कळणारी भाषा सोडू नका.

पेमेंट गेटवेही असाच आपोआप बदलता येईल का?
– किराणा व्यापारी, बार्शी

नव्या ऑर्डरसाठी येईल. पेमेंट सुरू झाल्यावर मधेच कधीही बदलू नका. टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येणं, याचा अर्थ पेमेंट फसलं असा नाही. पैसे कापले गेलेले असू शकतात आणि उत्तर फक्त वाटेत हरवलेलं असतं. आधी त्याच गेटवेला ऑर्डर क्रमांक देऊन स्थिती विचारा, ‘फसलं’ असं स्पष्ट उत्तर आलं तरच दुसरीकडे जा. नाहीतर ग्राहकाचे दोनदा पैसे कापले जातात आणि परताव्याला दिवस लागतात.

ग्राहकांची साठवलेली कार्डं असतील तर अडचण वाढते. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याला कार्डाचा नंबर ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन (नंबराच्या जागी वापरायचा संकेतांक) असतं, आणि एका गेटवेमार्फत तयार केलेलं टोकन दुसरीकडे चालेलच असं नाही. हे करारापूर्वी लेखी विचारा. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क) नाही, त्यामुळे तिथे दरामागे धावण्यापेक्षा शंभरातली किती पेमेंटं पूर्ण होतात ते बघा, तेही दर पंधरा मिनिटांचं.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ‘सेवांच्या बाजारात बहुएजंट प्रणाली’ या विषयावर करते आहे. वाचनात सगळीकडे यूडीडीआय येतं. ते आज चालतं का? काय बांधावं?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

सेवांची जाहीर नोंदवही म्हणून यूडीडीआय २००० मध्ये आलं. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅप यांनी चालवलेल्या सार्वजनिक नोंदवह्या जानेवारी २००६ मध्ये बंद झाल्या. तिथे सेवेचा पत्ता मिळायचा, पण ती आज कशी चालते आहे हे कळायचं नाही. प्रकल्पात ते इतिहासापुरतं ठेवा.

त्याहून जुनी एक कल्पना मात्र जोमात आहे. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये कॉन्ट्रॅक्ट नेट मांडलं: काम जाहीर करा, बोली मागवा, एकाला काम द्या. आपल्याकडे ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं ज्या बेकन प्रोटोकॉलवर (संदेशांच्या ठरलेल्या नियमांवर) चालतं त्याची घडण याच वळणाची आहे. ‘सर्च’ पाठवला की लगेच फक्त पोच येते, मग वेगवेगळे पुरवठादार ‘ऑन-सर्च’ने आपापले दर कळवतात, त्यानंतर सिलेक्ट, इनिट, कन्फर्म. किती वेळ वाट बघायची ते संदेशातच लिहिलेलं असतं. उशिरा आलेल्या स्वस्त बोलीचं काय करायचं, हा तुमच्या एजंटसाठी चांगला प्रश्न आहे.

बांधण्यासाठी एक नेमकी मांडणी सुचवतो. २० ग्राहक एजंट, ५ सेवा. प्रत्येक सेवा एका फेरीत ६ मागण्यांपर्यंत २०० मिलिसेकंदांत उत्तर देते. पुढच्या प्रत्येक मागणीमागे सगळ्यांनाच १५० मिलिसेकंद जास्त लागतात. मागच्या फेरीतले वेळ सगळ्यांना माहीत. बरोबरी झाली तर यादीतली वरची सेवा. प्रत्येकाने सर्वांत वेगवान सेवा निवडायची. वीसच्या वीस एकाच सेवेवर कोसळतात, तिथे २३०० मिलिसेकंद लागतात, पुढच्या फेरीत सगळे दुसरीवर. प्रत्येक सेवेवर चार-चार एजंट गेले असते तर सगळ्यांना २०० मध्ये उत्तर मिळालं असतं. आता एकच नियम घाला: हळू सेवेवर असलेला एजंट फक्त २० टक्के शक्यतेने जागा बदलेल. काही फेऱ्यांत भार वाटला जातो. मग शंभराव्या फेरीला एक सेवा बंद करा, दोनशेव्याला नवी वेगवान सेवा आणा, आणि ५, २०, ५० टक्के शक्यतांना सावरायला किती फेऱ्या लागतात याचा आलेख काढा. परीक्षकांपुढे ठेवायला हा आलेख पुरेसा आहे. त्यासाठी मोठी फ्रेमवर्क लागत नाही, साध्या पायथॉनमध्ये होतं.

आता एआय मॉडेलवर चालणारे एजंट आले आहेत. सेवा निवडण्याचं काम सरळ त्यांनाच का देऊ नये?
– एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, जुळे सोलापूर

प्रत्येक ऑर्डरचा निर्णय देऊ नका. तिथे हिशेब ठरलेला आहे, तो साधा प्रोग्रॅम काही मिलिसेकंदांत करतो, दर वेळी तसाच करतो, आणि कालचा निर्णय का घेतला हे आज दाखवता येतं.

मॉडेलचा खरा उपयोग आहे तो वाचनाला. दर आणि अटी बदलल्याची सूचना एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या मार्गाने, येत नाही, ती ईमेलमध्ये किंवा अटींच्या पानावर येते. गूगल मॅप्सचं महिन्याला २०० डॉलरचं सरसकट क्रेडिट १ मार्च २०२५ पासून बंद झालं आणि प्रत्येक सेवेला वेगळी मोफत मर्यादा आली. त्या दिवशी सर्व्हरचा वेग तोच होता, चुकाही वाढल्या नव्हत्या. फक्त वेगावर नजर ठेवणाऱ्या एजंटला यातलं काहीच दिसलं नसतं. अशा सूचना मॉडेलला वाचायला द्या आणि त्यातून तीनच गोष्टी काढून घ्या: कोणती सेवा, कोणत्या तारखेपासून, जुना आणि नवा दर. मूळ वाक्यही सोबत ठेवायला सांगा. ही नोंद माणसाने मूळ मजकुराशी ताडून मंजूर केल्यावरच दरांच्या तक्त्यात जावी. आणि मॉडेल असो वा नसो, दिवसाच्या खर्चाची वरची मर्यादा एजंटच्या बाहेर, त्याला बदलता येणार नाही अशा ठिकाणी लावा.